तेव्हा कळलं असतं तर...



“तेव्हा कळलं असतं तर...” असं आपण किती वेळा म्हणतो! केई सांबे यांच्या ‘बोकु दाके गा इनाई माची’ (२०१२ ते २०१६) या जपानी चित्रकथेत सातोरूला ही संधी मिळते. २००६ मधून तो १९८८ मध्ये, आपल्या शाळेच्या वयात पोचतो. वर्गातल्या कायोचा खून त्याला टाळायचा असतो.

तो करतो काय? मैत्री. तिच्या अंगावरचे, आईच्या माराचे वळ बघून गप्प बसत नाही. तिला घरी आणतो. त्याची आई गरम नाश्ता वाढते, आणि पोरीला रडू येतं. खुनी एकट्या मुलांनाच हेरत असतो, म्हणून तिला एकटं सोडायचं नाही.

आता सांगा, यासाठी काळाच्या मागे जावं लागतं का? वळ पहिल्यांदाही होतेच. विचारायचा धीर तेवढा कोणाला झाला नव्हता.

आपल्या पेडणे-डिचोलीच्या वाड्यांवरही “दुसऱ्याच्या घरची भानगड” म्हणून आपण तोंड फिरवतो. मुलांसाठी गोव्यात २००३ चा कायदा आहे, १०९८ हा फोन आहे. पण फोन करणारा शेजारीच असतो ना!

शेजारचं मूल गप्प-गप्प दिसलं, तर आजच हाक मारा, दोन घास वाढा, विचारा. ही पण सेवाच.