एकीकरणाचा ताळेबंद

१९०२ साली लॉर्ड कर्झनने निजामाशी करार करून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतला आणि त्याबद्दल सालीना पंचवीस लक्ष रुपये ठरविले, तेव्हा यवतमाळच्या काळ्या जमिनीत कापूस पेरणाऱ्या कुणब्याला आपल्या मुलखाचे मोल परस्पर ठरल्याची वार्ताही नसेल. परंतु पुढच्याच वर्षी वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभाराला जोडला गेला, आपल्या जमाबंदीचा वसूल परमुलखात खर्ची पडतो ही तक्रार येथील जाणत्या वर्गात रुजली, आणि प्रदेश जोडण्याच्या प्रश्नाकडे जमाखर्चाच्या दृष्टीने पाहण्याची सवय या जिल्ह्याला तेव्हाच लागली.

वणीचे लोकनायक बापूजी अणे यांनी वेगळ्या विदर्भाचा पक्ष घेतला, त्याच्या मुळाशी हीच जाणीव होती असे मी मानतो. जे संयुक्त महाराष्ट्राकडे वळले तेही केवळ भाषेच्या ओढीने वळले नाहीत. १९४७ चा अकोला करार आणि २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार यांत त्यांनी अटी घातल्या, आणि नागपूर करारात तर लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च व नोकऱ्या यांची हमी लिहून घेतली. १९५५ साली फाजल अली आयोगाने विदर्भाच्या वेगळ्या राज्याची शिफारस केली, कारण त्याच्या मते हा प्रदेश आपला खर्च आपण चालवू शकत होता. १९९० साली एक झालेल्या जर्मनीत पश्चिमेच्या करदात्याने मोडकळीस आलेल्या पूर्वेचा भार उचलला; विदर्भ मात्र महाराष्ट्रात आश्रित म्हणून आला नव्हता.

तरीही शिलकी महसुलाचा हा युक्तिवाद मला अपुरा वाटतो. तिजोरीत शिल्लक असणे निराळे आणि मुलूख संपन्न असणे निराळे. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची आगगाडी एका विलायती खासगी कंपनीने कापसासाठी घातली. जिनिंग-प्रेसिंगमधून निघालेल्या रुईच्या गठाणी तिच्यातून मूर्तिजापुरास जात, तेथे रुळांची रुंदी बदलत असल्याने हमालांच्या पाठीवरून रुंद मार्गाच्या डब्यांत चढत आणि मुंबई बंदराची वाट धरीत. सूत, कापड आणि त्यांवरील नफा हे सारे दूर निपजे; मागे उरे तो सारा आणि सावकाराचे व्याज. असल्या मुलखाची शिल्लक ही त्याच्या समृद्धीची नव्हे, त्याच्यावर न झालेल्या खर्चाचीच खूण होती.

ही गोष्ट सरकारदरबारी मांडायला १९८४ उजाडावे लागले. वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीने कोणी किती वसूल दिला हा जुना वाद बाजूस सारला आणि पाटबंधारे, रस्ते, शाळा, दवाखाने यांत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीहून किती मागे आहे हे मोजले. ३,१८६ कोटींच्या एकूण अनुशेषात विदर्भाचा वाटा सुमारे १,२४६ कोटी निघाला. आपल्या पुसदचे वसंतराव नाईक अकरा वर्षे मुख्यमंत्री असूनही हा आकडा निघाला, तेव्हा मुख्यमंत्रिपद म्हणजे विकास नव्हे हेही उमगले. मात्र लाभाची बाजू लपविणे अन्यायाचे होईल. नाईकांच्याच कारकीर्दीत सुरू झालेल्या रोजगार हमी योजनेसाठी व्यवसाय कर बसला, त्याचा मोठा भाग मुंबईच्या पगारदारांनी भरला आणि दुष्काळी गावांत खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांना त्यातून मजुरी मिळाली. एकट्या विदर्भाला एवढा आधार उभारता आला नसता. म्हणून माझे मत एकीच्याच बाजूचे आहे, पण हिशेब चुकता न करणाऱ्या एकीच्या बाजूचे नाही.

संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) मध्ये विकास मंडळांची आणि त्यांच्या कार्याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवण्याची तरतूद आहे. ती मंडळे १९९४ साली स्थापन झाली आणि त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. यवतमाळच्या मतदाराने आपल्या आमदाराकडे दुसरे काही मागण्याआधी या वार्षिक हिशेबाची मागणी करावी आणि नागपूरच्या अधिवेशनात त्यावर चर्चा होईल असे पाहावे.