घोड्याचे वय आणि विम्याचे मोल

ज्या हानीची भरपाई करता येते, ती हानी घडू देण्यास मनुष्य मोकळा आहे काय? प्रश्न मूळचा नीतिशास्त्राचा खरा. परंतु त्याची कसोटी मोठ्या ग्रंथांपेक्षा एखाद्या साध्या व्यवहारात अधिक चांगली लागते. घोडा भाड्याने देणे आणि घोड्यावर बसावयास शिकविणे हा असाच एक व्यवहार आहे. त्यात तीन पक्ष असतात: घोड्याचा धनी, स्वार आणि घोडा. त्यांपैकी तिसऱ्यास वाचा नाही, आणि दुसरा पुष्कळदा सहासात वर्षांचे मूल असते. म्हणजे बोलणारा, लिहिणारा आणि पैसे घेणारा पक्ष वस्तुतः एकच.

कायद्याने या व्यवहाराकडे फार पूर्वीपासून लक्ष दिले आहे. आपल्याकडील १८७२ च्या कराराच्या कायद्यात कलम १५० खाली जे उदाहरण दिले आहे ते घोड्याचेच आहे. एकाने आपला घोडा दुसऱ्यास वापरावयास दिला. घोडा खोडकर आहे हे त्याला ठाऊक होते, पण ते त्याने सांगितले नाही. घोडा उधळला आणि स्वार पडून जखमी झाला. या हानीस घोडा देणारा जबाबदार होय. तेच कलम पुढे सांगते की, वस्तू भाड्याने दिली असेल तर तिच्यातील दोष देणाऱ्यास ठाऊक असो वा नसो, जबाबदारी त्याचीच. म्हणजे फुकट देणाऱ्याने ठाऊक असलेले सांगावे, आणि मोबदला घेणाऱ्याने ठाऊक करून घ्यावे. या तत्त्वाची योग्यता कोणाही विचारी मनुष्यास सहज पटेल.

इंग्लंडात अश्वारोहण शाळांसाठी १९६४ साली स्वतंत्र कायदा झाला, व १९७० साली त्यास जोड देऊन विमा सक्तीचा करण्यात आला. १ ऑक्टोबर २०१८ पासून तेथे त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली आहे. त्यांतील तरतुदी मननीय आहेत. परवानाधारकाजवळ विम्याचे पत्र असले पाहिजे व ते सर्वांस दिसेल असे लावले पाहिजे. त्या विम्याने शिकणाऱ्यास झालेली इजा जशी भरून निघावी, तशीच शिकणाऱ्याच्या हातून त्रयस्थास झालेली इजाही भरून निघावी. अठरा वर्षांखालील व्यक्तीवर शाळेचा कारभार कधीही सोपवू नये. तीन वर्षांच्या आतील घोडा, गाभण राहून दिवस भरत आलेली घोडी आणि जिचे शिंगरू अजून अंगावर पीत आहे अशी घोडी भाड्याने देऊ नये.

हे नियम वाचताना एक गोष्ट लक्षात येते. घोड्याचे किमान वय त्यांत आहे, देखरेख करणाराचे वय आहे. परंतु जो घोड्यावर बसावयाचा त्या मुलाचे किमान वय कोठेही नाही. चौदा वर्षांखालील मुलाने रस्त्यावर घोडा चालविताना डोक्यास संरक्षक टोप घालावा, एवढे १९९० च्या एका निराळ्या कायद्याने सांगितले आहे. कितव्या वर्षी मुलाला खोगिरावर बसवावे, हे शाळेच्या मालकावर सोडले आहे. व्यवहारात मात्र तो निर्णय अनेकदा विमा देणारी कंपनी करते, आणि मालक पालकांस सांगतो, “आमचा विमा याहून लहान मुलास मान्यता देत नाही.” हे वाक्य ऐकावयास निरुपद्रवी आहे. परंतु “मला हे योग्य वाटत नाही” या वाक्याची जागा त्याने घेतली की मालकाची सदसद्विवेकबुद्धी कंपनीच्या दप्तरात जाऊन बसली असे समजावे.

विम्याची निंदा करण्याचा येथे हेतू नाही. मराठ्यांच्या लष्करात बारगिरास सरकारी पागेतून घोडा मिळे, तर शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. घोडा पडला की तोटा त्याचा. पुढे इंग्रजी अमलातील हिंदी रिसाल्यांत ही शिलेदारी पद्धत चालू राहिली, तेव्हा स्वारांनी आपल्या पगारातून वर्गणी देऊन ‘चंदा’ नावाचा निधी राखण्याची रीत पडली. एकाचा घोडा गेला तर त्या निधीतून दुसरा उभा राही. पहिल्या महायुद्धानंतर ही पद्धत बंद झाली. पण एकाचे संकट शेकडोंनी वाटून घेण्यातला बंधुभाव त्यात स्पष्ट दिसतो. अपघाताने पंगू झालेल्या स्वारास रिकाम्या हाताने घरी पाठविणाऱ्या मालकापेक्षा वेळेवर हप्ते भरणारा मालक शतपटीने चांगला.

परंतु भरपाई या शब्दात एक गृहीत लपलेले आहे: ज्याचे गेले त्यालाच ते परत मिळावे. कोवळ्या वयात पाठीवर ओझे घेतल्याने घोड्याची पाठ कायमची अधू झाली, तर विम्याची रक्कम कोणाच्या हाती पडते? धन्याच्या. दुखावला एक, आणि भरपाई मिळाली दुसऱ्यास! घोड्याच्या हाडांची वाढ सर्वत्र एकदम पूर्ण होत नाही; पायांची आधी होते, पाठीच्या मणक्यांची सर्वांत शेवटी. आणि ओझे तर पाठीवरच यावयाचे. म्हणूनच तीन वर्षांच्या आतील घोडा देऊ नये हा नियम कितीही मोठा हप्ता भरून ओलांडता येत नाही. आरंभी विचारलेल्या प्रश्नास कायद्याने येथे उत्तर दिले आहे. भरपाईच्या हानी निराळ्या आणि निषिद्ध हानी निराळ्या. जेथे सोसणाऱ्यास संमती देता येत नाही आणि भरपाई घेताही येत नाही, तेथे पैशाचा प्रश्नच उद्भवत नाही.

मुलाची स्थिती घोड्याहून बरी, पण फार निराळी नव्हे. अज्ञानाने केलेला करार मुळातच शून्य होय, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहोरी बीबीच्या खटल्यात ठरविले. मग मुलाच्या वतीने बाप सही करतो. प्रौढ मनुष्य स्वतःच्या हाडांचा धोका पत्करू शकतो. मुलाच्या हाडांचा धोका बापाने पत्करावयाचा तो मुलाच्या हितासाठी, स्वतःच्या हौसेसाठी नव्हे. मुलाचे पाय खोगिराला पोचतात काय, त्याला लगाम धरवतो काय, ‘थांब’ म्हटलेले त्याला समजते काय, हे पाहिल्याशिवाय केलेली सही ही केवळ शाई आहे.

यावर असा आक्षेप येईल की, हे सर्व श्रीमंत देशांचे चोचले आहेत. माथेरानच्या वा महाबळेश्वरच्या घोडेवाल्याने शिंगरू तीन वर्षे बसवून पोसावे कशाने? आक्षेप खोटा नाही. ज्याचे पोट एका जनावरावर चालते त्याला नीतीचा पाठ द्यावयाचा आणि त्याचा भार मात्र उचलावयाचा नाही, हाही एक अन्यायच आहे. परंतु यावरून नियम चुकीचा ठरत नाही. त्याचा खर्च कोणी सोसावा एवढाच प्रश्न उरतो. तो स्वारीची मौज घेणाऱ्यांनी भाड्यातून सोसावा हे न्याय्य. भावात घासाघीस करून चार रुपये वाचविणारा प्रवासी ते रुपये बहुधा घोड्याच्या चाऱ्यातून काढीत असतो.

वयाचे दुसरे टोकही विसरता कामा नये. वयामुळे, रोगामुळे वा जखमेमुळे कामास अयोग्य झालेल्या जनावरास कामास जुंपणे हा आपल्याकडील १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे अपराध आहे. मात्र काम थांबले म्हणजे पोट थांबत नाही. म्हातारा घोडा शाळेस कमाई देत नाही, बाजारात त्यास किंमत येत नाही. त्याच्याविषयीचे धन्याचे कर्तव्य मात्र त्याच सुमारास सर्वांत जड होते, आणि ते उचलावयास त्याच्यावाचून दुसरे कोणी नसते.

तेव्हा मुलाला घोड्यावर बसविण्यापूर्वी वाचकांनी भाव विचारावा, विम्याचे पत्रही अवश्य पाहावे. पण त्याआधी घोड्याचे वय विचारावे, आणि खोगीर उचलून त्याची पाठ एकदा पाहू द्या असे म्हणावे. चांगल्या धन्यास या मागणीचा राग येणार नाही. ज्याला येईल, त्याच्या विम्याचे पत्र कितीही निर्दोष असले तरी तेथून मुलाचा हात धरून परत फिरावे.