नकारानंतरचा दिवस

आजच्या बिदर जिल्ह्यात दोन जुन्या राजधान्या आहेत. एक चालुक्यांचं कल्याण, म्हणजे बसवकल्याण, आणि दुसरी बहामनींचं बिदर. दोन्हींशी एकेका तरुण मुलीची गोष्ट जोडलेली आहे. बाराव्या शतकातली अक्कमहादेवी शिवमोग्ग्याकडच्या उडुतडीहून कौशिक राजाला मागे टाकून कल्याणला आली. पंधराव्या शतकातली कान्होपात्रा मंगळवेढ्याची. तिला बिदरच्या बादशहाचं बोलावणं आलं आणि ती गेली नाही. पंढरपुरात विठोबाच्या पायाशी तिने प्राण सोडला, असं परंपरा सांगते. (बसवण्णाही कल्याणला येण्याआधी मंगळवेढ्यालाच होता. या पट्ट्यातल्या गोष्टी भाषेची सरहद्द फारशी मानत नाहीत.) दोघींनी सत्ता हातात असलेल्या पुरुषाला नकार दिला. दोघींच्या नकारात धार सारखीच आहे. पण नकार दिल्यावर पुढे काय, या प्रश्नाला दोन गोष्टींनी दिलेली जागा सारखी नाही. माझ्या मते आपल्याकडच्या कथनातल्या तरुण मुलीचा सगळा इतिहास त्या जागेचा इतिहास आहे. नकार द्यायचा हक्क गोष्टीने तिला फार लवकर दिला. नकारानंतरचा दिवस मात्र दिला, काढून घेतला, आणि पुन्हा द्यायला फार वेळ लावला.

अक्कमहादेवीच्या चरित्राचे पाठ एकमेकांशी जुळत नाहीत, आणि हे न जुळणंच बोलकं आहे. कन्नड कवी हरिहराच्या रगळेत ती अटी घालून कौशिकाशी लग्न करते आणि अटी मोडल्यावर निघून जाते. पंधराव्या शतकातल्या चामरसाला ते लग्न नकोसं वाटतं, त्याच्याकडे ती लग्नाआधीच बाहेर पडते. म्हणजे दोन-अडीचशे वर्षांत तिचं कौमार्य सांगणाऱ्यांना तिच्या निर्णयापेक्षा मोलाचं वाटू लागलं होतं. तरी एक प्रसंग टिकून राहिला. ‘शून्यसंपादने’मध्ये ती कल्याणच्या अनुभवमंटपात, म्हणजे शरणांच्या सभेत, येते तेव्हा अल्लमप्रभू तिला सरळ आत घेत नाही. तुझा नवरा कोण, असं विचारतो. देहाचा मोह सुटला आहे तर तो केसांनी का झाकलास, असंही विचारतो. हा प्रश्न क्रूर आहे, आणि पुरुषांनी भरलेल्या सभेत तो एका एकट्या तरुणीला विचारला जातो. पण विचारला जातो याचाच अर्थ तिच्याकडे उत्तर असेल, असं गृहीत धरलेलं आहे. ती उत्तर देते, वाद घालते, मान्यता मिळवते आणि मग स्वतःच्या मर्जीने श्रीशैलाची वाट धरते. घर सोडल्यानंतर तिला एक शहर, एक सभा, सोबतचे लोक आणि पुढचा प्रवास मिळतो. आजच्या कादंबरीच्या नायिकेला यापेक्षा वेगळं काय हवं असतं?

कान्होपात्रेला यातलं काहीच मिळत नाही. आईचा धंदा गणिकेचा, त्यामुळे रीतसर लग्नाची वाट बंद आणि वंशपरंपरेची वाट सताड उघडी. ती वारकऱ्यांबरोबर पंढरीला जाते तेव्हा एक तिसरी वाट सापडल्यासारखी वाटते. बादशहाची माणसं येतात आणि तीही संपते. महिपतींनी ‘भक्तविजया’त ही कथा सांगितली 1762 साली, म्हणजे घटनेचा मानलेला काळ उलटून जवळजवळ तीन शतकं झाल्यावर. त्या मधल्या काळात गोष्टीचा शेवट पक्का झाला होता. मुलीपुढे माणसांच्या दोन्ही वाटा नको असलेल्या असल्या की देवाचं दार उघडतं आणि तिथे गोष्ट थांबते. हाच शेवट पुढे रंगभूमीने उचलला. 1931 साली ना. वि. कुलकर्ण्यांच्या नाटकात बालगंधर्वांनी कान्होपात्रा उभी केली, आणि लोक त्या शेवटासाठीच जात, तिने पुढे काय करायला हवं होतं हे विचारायला नव्हे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. संतचरित्र म्हणजे कथा-कादंबरी नव्हे. भाविकाच्या लेखी कान्होपात्रा मेली नाही, ती विठोबात मिसळली. शिवाय एका गणिकेच्या मुलीची समाधी पंढरपूरच्या देवळाच्या आवारात असावी, हा मान मोठमोठ्यांना मिळालेला नाही. हे सगळं खरं आहे, आणि तिच्या नावावरचे अभंग वाचले की त्यातली बाई हतबल नाही, देवाला जाब विचारणारी आहे, हेही दिसतं. पण अभंगातली बाई आणि चरित्रातली बाई एक नाहीत. अभंगात ती बोलते आहे, म्हणजे जगते आहे. चरित्र तिला त्या एका क्षणापर्यंत नेऊन ठेवतं. कीर्तनाला बसलेली सोळा वर्षांची मुलगी या गोष्टीतून काय घेऊन घरी जाते, हा माझा प्रश्न आहे. नको त्या माणसाला नाही म्हणता येतं, एवढं ती घेते. आणि नाही म्हटल्यावर उरायचं नसतं, हेही घेते.

मराठी कादंबरीची सुरुवात मात्र याच्या उलट झाली, हे आपण फारसं लक्षात ठेवत नाही. बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ 1857 सालचं. त्यातली यमुना नवऱ्याबरोबर फिरताना ठिकठिकाणच्या विधवांचे हाल पाहते, मग स्वतः विधवा होते, आणि शेवटी ख्रिस्ती होऊन पुन्हा लग्न करते. वाङ्मय म्हणून पुस्तक कोरडं आहे, प्रचारकी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याने नायिकेला पुढचा दिवस दिला. फक्त त्याची किंमत धर्मांतर ही ठेवली. पुढच्या मोठ्या लेखकांना ती किंमत मान्य नव्हती आणि दुसरी सुचत नव्हती. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ 1890 पासून ‘करमणूक’मधून क्रमशः येऊ लागली तेव्हा यमूच्या तोंडून पहिल्यांदाच मराठी मुलीचं घडणं आतून ऐकू आलं. मुंबईत नवऱ्याच्या सोबतीने तिचं वाचणं, बोलणं, मोकळं होणं आपट्यांनी इतक्या बारकाईने लिहिलं आहे की ते आजही जुनं वाटत नाही. आणि तीच यमू वैधव्य आल्यावर केशवपनाच्या जबरदस्तीला सामोरी जाते आणि खचून मरते.

आपट्यांनी तेव्हाचं वास्तव लिहिलं, यमूला जगवणं हे खोटं स्वप्न झालं असतं, असं म्हटलं जातं. याला उत्तर त्याच मुंबईत आहे. रखमाबाईवर तिच्या नवऱ्याने, दादाजी भिकाजीने, 1884 साली नांदायला येण्यासाठी दावा लावला. 1887 मध्ये नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा असा निकाल झाला, तिने तुरुंगाची तयारी दाखवली, आणि 1888 मध्ये पैसे देऊन प्रकरण मिटलं. 1889 मध्ये ती डॉक्टरकीच्या शिक्षणासाठी विलायतेला गेली आणि परत येऊन तिने सुरतेला काम केलं. त्याच 1889 साली पंडिता रमाबाईंचं शारदासदन मुंबईत उघडलं. म्हणजे यमू पानावर मरत होती त्या सुमारास प्रत्यक्षात नकार दिलेली एक बाई शरीरशास्त्राचा अभ्यास करत होती, आणि विधवांना शिकवणारं घर सुरू झालेलं होतं. आपट्यांना हे ठाऊक नसणं शक्य नाही. त्यांनी यमूला मारलं ते वाचकाला हलवण्यासाठी, आणि तो हलला. संमतिवयाचा वाद पेटलेल्या काळात त्या रडण्याला राजकीय मोल होतं. मी ते कमी लेखत नाही. पण मराठी कादंबरीला त्या रडण्याची सवय लागली, आणि भोगून संपणारी नायिका हे कलेचं आणि जगणारी नायिका हे प्रचाराचं लक्षण, अशी एक समजूत बराच काळ घट्ट धरून ठेवली गेली.

या सगळ्यात एक गोष्ट गैरहजर आहे, आणि ती पुन्हा कल्याणकडे नेते. अक्कमहादेवीच्या आधी काही दशकं, सहाव्या विक्रमादित्याच्या राज्यात, याच कल्याणमध्ये विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली. स्त्रीधनात काय काय येतं हे सांगताना त्याने वारसाने मिळालेलं, विकत घेतलेलं, वाटणीत आलेलं, असं सगळं त्यात धरलं. ब्रिटिश काळात प्रिव्ही कौन्सिलने हा अर्थ बराच आखडून टाकला. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा वाटा कर्नाटकात आणि महाराष्ट्रात 1994 साली मिळाला, देशभर 2005 साली. आपल्या कादंबरीने प्रेम, शिक्षण, केशवपन, पुनर्विवाह यांवर हजारो पानं लिहिली. सातबाऱ्यावर नाव कुणाचं, हा प्रश्न नायिकेच्या तोंडी क्वचितच घातला. पुढचा दिवस काढायला छप्पर आणि पैसा लागतो, हे विज्ञानेश्वरासारख्या शास्त्र्याच्या ध्यानात आलं आणि सुधारकी कादंबरीकाराच्या आलं नाही, हे मला नेहमी चमत्कारिक वाटतं.

पैसा हातात आला तेव्हाही गाठ सुटली नाही, हे विभावरी शिरूरकरांनी दाखवलं. ‘कळ्यांचे निःश्वास’ 1933 साली आलं आणि या नावामागे कोण आहे यावर महाराष्ट्रात गदारोळ झाला. ते नाव मालतीबाई बेडेकरांनी घेतलेलं होतं. त्यातल्या मुली शिकलेल्या आहेत, नोकरी करतात, आणि तरीही श्वास कोंडलेल्या आहेत. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ या कथेच्या नावातच सगळं आलं. मुलीच्या कमाईचा घराला आधार आहे, म्हणून तिचं स्वतःचं आयुष्य पुढे ढकललं जातं. यमूला कुणी विचारलं नव्हतं. या मुलींना विचारायला कुणी मोकळं नाही, कारण महिन्याचा पगार यायला हवा आहे. नायिका मरत नाही, हा इथला खरा बदल. ती दुसऱ्या दिवशी सकाळी उठून शाळेत शिकवायला जाते. दुःख नाट्यमय न राहता रोजचं झालं, आणि रोजचं झाल्यामुळेच लोकांना ते जास्त झोंबलं असावं.

इथे दुसरा, जास्त अवघड आक्षेप उभा राहतो. ही सगळी निवड-बिवड पांढरपेशा, सवर्ण मुलींची. जिला सातव्या वर्षापासून खुरपं धरावं लागलं तिच्यापुढे कसला उंबरठा? हा आक्षेप कलबुर्गीतूनच एका लेखिकेने कथेच्या रूपाने घेतला, आणि म्हणून तो टाळता येत नाही. गीता नागभूषण 1942 साली कलबुर्गी जिल्ह्यातल्या सावळगीत जन्मल्या. त्यांनी या भागाच्या कन्नड बोलीत, खालच्या मानल्या गेलेल्या जातींतल्या कष्टकरी बायांवर लिहिलं. ‘बदुकु’, म्हणजे जगणं, या कादंबरीला 2004 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि 2010 मध्ये गदगच्या कन्नड साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. त्यांच्या एका कादंबरीचं नाव मराठीत ‘कच्चं मांस आणि गिधाडं’ असं होईल. तिच्यावर पुढे ‘हेण्णिन कूगु’ हा सिनेमा निघाला. त्यांच्या जगात मुलगी वयात येणं म्हणजे आतल्या जाणिवेची पहाट वगैरे नसते. सावकाराच्या, मुकादमाच्या, गावच्या पुढाऱ्याच्या नजरेत ती भरायला लागते, एवढंच घडतं. काम आधीही होतं, नंतरही आहे. मधे धोका वाढतो.

मग माझा मुद्दा कोसळतो का? मला वाटतं, उलट त्याला पाया मिळतो. पांढरपेशी नायिका नकार देऊ शकते आणि तिला पुढचा दिवस नसतो; नागभूषणांच्या बायांना पुढचा दिवस असतोच, तो टाळताच येत नाही, पण नकार परवडत नाही. दोन्हींना अर्धंच मिळालेलं आहे. दोन्ही अर्धी एकत्र आल्याशिवाय निवड पुरी होत नाही. म्हणून कष्टकरी मुलीला निवडीची भाषा लागू नाही, असं म्हणणं मला पटत नाही. असं म्हणणारे तिच्याबद्दल करुणा दाखवतात आणि तिच्या इच्छेचा विषय मिटवून टाकतात. गौरी देशपांड्यांच्या नायिका घर सोडून दूरदेशी जातात तेव्हा त्यांच्याकडे पासपोर्ट आहे याबद्दल नाक मुरडणाऱ्यांना माझं एवढंच म्हणणं आहे की पासपोर्ट नसलेल्या मुलीलाही जावंसं वाटतं, आणि ते लिहिण्यासारखं आहे.

आज या सीमाभागातल्या मराठी घरातली मुलगी कथेत क्वचितच दिसते, आणि तिच्यापुढचे पेच पुण्या-मुंबईच्या नायिकेपेक्षा जास्त गुंतलेले आहेत. 1956 साली बिदर जिल्ह्याचे उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात गेले. सोयरिकी मात्र पूर्वीसारख्याच राहिल्या. औरादची मुलगी सीमेपलीकडच्या देगलूरला द्यायची, उदगीरची भालकीला आणायची, यात कुणाला काही वेगळं वाटत नाही. पण 2012 च्या घटनादुरुस्तीने आलेल्या 371-जे कलमामुळे या भागातल्या लोकांसाठी शिक्षणात आणि नोकरीत राखीव जागा आहेत त्या कर्नाटकात. तिच्या जातीचा दाखला लग्नाबरोबर सरहद्द ओलांडून चालत नाही. महाराष्ट्रात त्यावर सरकारी नोकरीतलं आरक्षण मिळत नाही. 2023 पासून कर्नाटकच्या साध्या सरकारी बसमध्ये बायकांना भाडं नाही, त्यामुळे रोज बिदरला जाऊन बी.एड. करणं तिला जमलं. घरात मराठी, परीक्षेत कन्नड, आणि पुस्तकं वाचायची ती उदगीर-लातूरहून आलेली. अशा मुलीला देगलूरचं स्थळ आलं, मुलगा तिलाही आवडला, आणि इकडे शिक्षकभरती निघायची आहे, तर ती काय करेल? इथे बादशहा नाही, खलनायक नाही, कुणी वाईटही नाही. आई म्हणते, नोकरी लागल्यावर बघू. वडील म्हणतात, स्थळ थांबत नाही. मुलगा म्हणतो, तिकडे खाजगी शाळेत बघू काहीतरी. अभ्यास करायचा आहे, दाखला काढायचा आहे, आणि देगलूरकरांना पंधरा दिवसांत होकार कळवायचा आहे.