कापणी अस्वलांची, पेरणी कोणाची?

॥ राम कृष्ण हरी ॥

वाचकहो, अमेरिकेतील न्यू जर्सी या राज्याचे नाव आता आपल्याला परके राहिलेले नाही. कोणाचा मुलगा तिथे असतो, कोणाची भाची. एकादशीला तिथल्या घरांतही टाळ वाजतात. त्या राज्याच्या वायव्येला डोंगर आणि दाट रान आहे, आणि त्या रानात काळी अस्वले आहेत. त्यांची संख्या आटोक्यात राहावी म्हणून सरकार परवाने देऊन ठरावीक दिवसांत त्यांची शिकार करू देते. हे पाप म्हणावे की कर्तव्य? प्रश्न तिकडचा खरा. पण रानडुकरांच्या भयाने बांधावर रात्र जागवणारा आपला शेतकरीही तो विचारतो. म्हणून आपण त्याचा शांतपणे विचार करू.

आधी पूर्वपक्ष ऐकू, आणि मन लावून ऐकू. गेल्या शतकाच्या मध्याला न्यू जर्सीतील अस्वले जवळजवळ संपली होती. 1971 साली शिकार बंद झाली. पडीक शेतांवर पुन्हा रान माजले, अस्वले वाढली, आणि माणसांची घरेही रानाला जाऊन भिडली. 2003 साली पुन्हा शिकार उघडली, तेव्हा 328 अस्वले मारली गेली; 2010 साली 592. 2014 साली रानात फिरायला गेलेला 22 वर्षांचा एक विद्यार्थी अस्वलाच्या हल्ल्यात मरण पावला. त्या राज्यात असा मृत्यू पूर्वी नोंदलेला नव्हता. पुढे शिकार थांबवण्याचे वचन देऊन एक गव्हर्नर निवडून आले. 2021 साली शिकार झाली नाही. पण तक्रारी इतक्या वाढल्या की 2022 साली त्याच गव्हर्नरांच्या संमतीने ती पुन्हा सुरू झाली. ज्याने थांबवण्याचा शब्द दिला, त्यालाच तो मोडावा लागला. यावरून प्रश्न किती अवघड आहे ते ध्यानात घ्यावे.

या शिकारीला नियम आहेत. 75 पौंडांहून, म्हणजे सुमारे 34 किलोंहून, हलके पिल्लू मारायचे नाही. अशा पिल्लासोबत फिरणारे मोठे अस्वलही मारायचे नाही. मारलेले अस्वल तपासणीच्या ठिकाणी आणून दाखवावेच लागते. कोणी म्हणेल, धरून दूर नेऊन सोडा. पण दूर सोडलेले अस्वल पुष्कळदा कोस न् कोस चालून परत येते. नाही आले तर जिथे सोडले तिथल्या वस्तीत शिरते. ज्या आईचे लेकरू सकाळी रानाच्या कडेला शाळेच्या गाडीची वाट पाहत उभे असते, तिला इथे बसून भूतदयेचा उपदेश करणे सोपे आहे. तेवढे सोपे आपण करू नये.

आता उत्तरपक्ष. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात माउलींनी अहिंसेचे विवेचन विस्ताराने केले आहे. हिंसेतूनच अहिंसा साधू पाहणाऱ्यांचा विचार तिथे येतो. झाडाच्या फांद्या तोडायच्या आणि त्यांचेच कुंपण त्या झाडाला घालायचे, तशी ती अहिंसा, असे माउली दाखवतात. अस्वलांच्या भल्यासाठीच अस्वले मारतो, असे कोणी म्हणाले की हे कुंपण आठवावे. मारणे कधी अटळ असेल. पण अटळ झाले म्हणून ते दया होत नाही, आणि सरकारी शिक्का उमटला म्हणून पुण्य होत नाही.

इथे एक शब्द पाहण्यासारखा आहे. तिथल्या सरकारी कागदांत मारलेल्या अस्वलांच्या संख्येला 'हार्वेस्ट' म्हणतात. हार्वेस्ट म्हणजे कापणी. आपण शेतकऱ्यांची लेकरे. कापणी म्हटले की आपण लगेच विचारतो, पेरणी कोणी केली?

तर ऐका. काळ्या अस्वलांचा मेळ जून-जुलैच्या सुमारास होतो, पण गर्भ लगेच रुजत नाही. तो तसाच थांबून राहतो. हिवाळ्याच्या तोंडाशी मादीच्या अंगावर पुरेशी चरबी साठली असेल तरच तो रुजतो, आणि जानेवारीच्या सुमारास गुहेत किंवा ढोलीत पिल्ले जन्मतात. चरबी साठली नसेल तर त्या वर्षी पिल्ले नाहीत. रान किती जीव पोसू शकेल, याचा हिशेब देवाने मादीच्या पोटातच मांडून ठेवला आहे. रानातली फळे कमी आली की पिल्लेही कमी, असा तो हिशेब. तो आपण बिघडवतो. उघडा कचऱ्याचा डबा, अंगणात टांगलेले पक्ष्यांचे दाणे, कुत्र्यासाठी बाहेर ठेवलेले खाणे, यांवर मादी पोसली जाते आणि रानाला न पेलणारी पिल्ले रुजतात. शिवाय माणसाच्या दाराशी अन्न मिळते हे ती पिल्लांना शिकवते. पेरणी आपल्या हातची, आणि कापणी त्यांच्या जिवाची!

उपाय नाही असे नाही. कोलोराडोतील ड्युरँगो गावी अस्वलाला उघडता न येणारे डबे काही वस्त्यांना वाटून अभ्यास केला गेला. डबे न वाटलेल्या वस्त्यांच्या मानाने तिथे कचऱ्यावरून होणारे प्रकार सुमारे 60 टक्क्यांनी कमी भरले. बंदूक न उचलता एवढे होते.

तुम्ही म्हणाल, नामदेवराय तर पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले. मग भुकेल्या अस्वलाला घास घालणे दोष कसा? वाचकहो, नामदेवरायांना त्या कुत्र्यात पांडुरंग दिसला. अस्वलाला पाव फेकून छायाचित्र काढणाऱ्याला स्वतःची करमणूक दिसते. माणसाचे भय सुटलेले अस्वलच पुढे घरात शिरते आणि गोळीला बळी पडते. म्हणूनच न्यू जर्सीत अस्वलाला मुद्दाम खाऊ घालणे हा कायद्याने गुन्हा आहे. रानातल्या जीवावरची दया कधी कधी हात आखडता घेण्यातच असते.

मग शिकार करावी की नाही? मला असे वाटते, की सगळे उपाय थकल्यावर, माणसाच्या जिवावर बेतल्यावर, कोणाला तरी ते जड कर्म करावे लागेल. त्याला आपण दोष देऊ नये. पण त्याने ते खाली मान घालून करावे. मेलेल्या जीवावर पाय ठेवून छायाचित्र काढू नये, त्याचा सण करू नये. आणि आपली पेरणी न थांबवता दरवर्षी कापणीला निघणे, याला मात्र उपाय म्हणता येणार नाही.

त्याच अध्यायात माउली अहिंसा दाखवतात ती माणसाच्या चालण्यात, बोलण्यात, पाहण्यात, हाताच्या हालचालीत. तेव्हा तिकडच्या आपल्या लेकरांशी फोनवर बोलाल, तेव्हा एवढे विचारा : बाळा, रात्री डब्याचे झाकण नीट लावतोस ना? आणि फोन ठेवल्यावर आपल्या शिवारालगत आपण काय टाकून येतो, तेही एकदा जाऊन पाहा.

॥ राम कृष्ण हरी ॥