तोंडचे फळ

'नीतिसूत्रे' या हिब्रू ग्रंथाच्या 18व्या अध्यायात माणसाची तृप्ती त्याच्या तोंडच्या फळाशी जोडली आहे. बोलण्याचा पहिला परिणाम बोलणाऱ्यावरच होतो, हा त्यातला मोलाचा विचार. औशाच्या बाजारात उधारीवरून गिऱ्हाइकाचा चारचौघांत पाणउतारा करणाऱ्या दुकानदाराचे पैसे वसूल होतात. रात्री जेवताना मात्र तोच वाद मनात घोळतो, घास गोड लागत नाही. ज्यूंचा तालमूद हा ग्रंथ याहून कठोर आहे: चहाडी सांगणारा, ऐकणारा आणि तिच्यात ज्याचे नाव येते तो, अशा तिघांचा ती घात करते. हा मौनाचा उपदेश नव्हे. समयोचित उत्तरातला आनंद 'नीतिसूत्रे'च्याच 15व्या अध्यायात सांगितलाच आहे. महाराष्ट्रातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजातही म्हटल्या जाणाऱ्या अमिदा प्रार्थनेच्या शेवटी जीभ वाइटापासून राखण्याची आणि शिव्याशाप देणाऱ्यापुढे मन शांत राहण्याची याचना असते.