आयते

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या आमच्या झाडीपट्टीत तांदळाच्या पिठाच्या धिरड्याला ‘आयते’ म्हणतात. हे नाव कोणी ठेवले कोण जाणे. पण ठेवणारा पानावर बसलेला असावा, तव्यापाशी नसावा, अशी मला दाट शंका आहे.

मी शाळामास्तर. शाळेला निघण्यापूर्वी तासभर कादंबरी लिहितो. मॅट्रिकपुढे न शिकलेल्या माणसाला लिहिण्याची हौस असली, की वेळ असा पहाटेतून काढावा लागतो. या तासाचे श्रेय बरेच दिवस मी स्वतःच्या शिस्तीला देत असे. खरे श्रेय होते फडताळातल्या एका डब्याचे. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची डाळ, मूठभर धने, चमचाभर जिरे, सारे भाजून दळलेले. सकाळी त्यात मीठ, तिखट आणि पाणी घालून दहा मिनिटे भिजू दिले, की तवा तापेपर्यंत न्याहारी तयार.

एकदा मी पत्नीला कौतुकाने म्हणालो, “या डब्यामुळे तुझा केवढा वेळ वाचतो!”

“सकाळचा वाचतो,” ती म्हणाली, “पण रविवारचा जातो, तो कोणाचा?”

उत्तर सुचेना, म्हणून पुढच्या रविवारी मीच भाजायला उभा राहिलो. तांदूळ तिने आदल्या दिवशी धुऊन सावलीत वाळवले होते. म्हणजे शनिवारही तिचाच गेला होता. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजावा लागतो. धने पाहता पाहता करपतात, हरभऱ्याची डाळ मात्र आतपर्यंत भाजायला वेळ घेते. आच मंद हवी, हात हलता हवा. दाण्यातला ओलावा गेला तरच पीठ टिकते. दळण्यापूर्वी ते पुरते निवावेही लागते, नाहीतर वाफ धरून पिठाला वास येतो. मी धने करपवले. दोन तासांत कादंबरीची एक ओळही सुचली नाही. माझी पहाटेची पाने कोणाच्या रविवारांवर लिहिली गेली, ते मात्र उमगले.

बाजारच्या पुडीने हा हिशेब मिटेल, असे कोणी म्हणेल. अमेरिकेत १८८९ साली ‘आंट जेमायमा’ या नावाचे धिरड्यांचे तयार पीठ निघाले. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते खपवण्यासाठी नॅन्सी ग्रीन ही गुलामगिरीत जन्मलेली कृष्णवर्णीय बाई धिरडी करायला उभी केली. पुढे कित्येक वर्षे पुडीवर तशाच स्वयंपाकिणीचे हसरे चित्र छापले जाई. ते नाव बदलायला २०२१ साल उजाडावे लागले. गिऱ्हाइकाला नुसते पीठ पुरेना. आपल्यासाठी कोणीतरी राबते आहे आणि हसत राबते आहे, हा दिलासाही त्याला हवा होता!

मग आयते खाणे पाप काय? मला तसे वाटत नाही. वैनगंगेकाठी भर पावसात वाकून रोवणी करणाऱ्या बायांनी धान लावले नसते, तर मी तरी काय भाजणार होतो? दुसऱ्याचे श्रम खाल्ल्यावाचून कोणी जगत नाही. पण ते श्रम आपोआप झाले असे मानून जगणे, ही मात्र चोरी आहे. आणि ‘उपकार झाले’ एवढे म्हणून ती फिटत नाही. आपल्या पाळीला झारा हातात घ्यावा लागतो.

हल्ली एक रविवार तिचा, एक माझा. यंदा चकलीची भाजणीही माझ्याकडे आली. कादंबरी रखडली आहे आणि त्याची मला चुटपुट लागते, हे कबूल करतो. माझ्या पाळीच्या रविवारी पत्नी निवांत वाचत बसते. परवा तिने माझे हस्तलिखित वाचले आणि विचारले,

“अहो, ही तुमची नायिका एवढा विचार करते, पण हिला सकाळी खायला कोण करून देतं?”

ते प्रकरण मी पुन्हा लिहायला घेतले आहे.