मोखाडा कुठल्या रंगाचा?

अंगणवाडीत बाळाच्या दंडाला गुंडाळायची एक पट्टी असते. बोटभर रुंदीची, तीन रंगांची. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला तर लाल, साडेबारापर्यंत पिवळा, त्यापुढे हिरवा. पट्टी आवळायची नाही, सैलही सोडायची नाही. बाळ हात आखडून घेतं, आई त्याला कडेवर घेऊन थोपटते, तेवढ्यात सेविकेने रंग बघून वहीत टिपायचा. तो लाल एका दंडाचा असतो, त्या दंडाला नाव असतं.

संगणकाच्या पडद्यावरचा लाल कुणाचा असतो? हल्ली आरोग्याचे नकाशे बोटाने हलवता येतात. जिल्ह्यावर टेकलं की आकडा उमटतो, सर्वेक्षणाची फेरी बदलली की रंग बदलतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली. त्याआधीच्या फेरीत हा आकडा ३४.४ होता. म्हणजे राज्य होतं तिथेच. मग आपण राज्य सोडून जिल्ह्यांकडे वळतो आणि आता खरं काय ते कळेल असं वाटतं.

तिथे पालघर आठवावा. हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. त्याआधीचा ठाणे जिल्हा २०११च्या जनगणनेत देशात सगळ्यांत जास्त लोकसंख्येचा होता, एक कोटी दहा लाखांचा. ठाणे शहर, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, मिरा-भाईंदर आणि त्याच गोणीत जव्हार-मोखाडा हे तालुके. १९९२ साली ज्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली, ती गावं जव्हार तालुक्यातली. मोखाड्याची लोकसंख्या लाखाच्या आत, म्हणजे जिल्ह्यातल्या शंभर माणसांत मोखाड्याचं पुरतं एकही येत नव्हतं. सरासरी काढली की मोखाडा विरघळून जायचा. चौथ्या फेरीने (२०१५-१६) देशाचे जुने ६४० जिल्हेच धरले, त्यामुळे पालघर अस्तित्वात येऊनही त्या नकाशावर नव्हता. पाचव्या फेरीत जिल्हे ७०७ झाले, तेव्हा त्याला स्वतःचा रंग मिळाला. पोरं तीच, डोंगरही तेच, फक्त मधे एक रेघ आली.

आणि तीही पुरेशी नाही. पालघरच्या सुमारे तीस लाखांत बारा लाख एकट्या वसई-विरार शहराचे. ठाण्याचं दुखणं धाकट्या भावाला वारशात मिळालं म्हणायचं.

मग तालुक्याचा नकाशा का नाही? कारण हे सर्वेक्षण जिल्ह्यामागे सरासरी नऊशे घरं गाठतं. त्यांतली मोखाड्याची किती येणार? संशोधक एस. व्ही. सुब्रमणियन, रॉकली किम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१मध्ये वेगळी वाट काढली. चौथ्या फेरीचे आकडे आणि जनगणनेतली गावांची माहिती यांची सांगड घालून देशातल्या जवळपास सहा लाख गावांतल्या बालकुपोषणाचा अंदाज संगणकाकडून काढून घेतला. पथक आधी कुठे धाडायचं हे ठरवायला असा अंदाज मोलाचा आहे, त्याला नाक मुरडण्यात अर्थ नाही. पण ज्या गावात एकाही मुलाचं वजन झालेलं नाही तेही पडद्यावर तितकंच ठसठशीत लाल दिसतं. मोजलेला लाल आणि अंदाजाचा लाल डोळ्याला वेगळे कळत नाहीत, आणि बैठकीत नकाशा दाखवणारा साहेब तो फरक सांगत बसत नाही.

मोजायचं काम ज्यांच्या हाती, त्यांचीही एक गोष्ट आहे. २०२१मध्ये नोंदींसाठी पोषण ट्रॅकर हे ॲप आलं, ते इंग्रजीत. सरकारने दिलेले मोबाइल धड चालत नव्हते. त्या वर्षी राज्यभर अंगणवाडी सेविकांनी ते मोबाइल परत केले. नकाशाचा पाया असा घातला जात होता.

पडद्यावरच्या नकाशावर एकावर एक थर चढवता येतात, ही सोय मला मात्र फार आवडते. एका संध्याकाळी मोखाड्यावर धरणांचा थर चढवून बघितला. कोचाळ्याजवळ मध्य वैतरणेची निळी जागा उमटली. हे पाणी मुंबईला जातं. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, आणि विहिरीत ओतलेलं पाणी भरायला बायका कठड्याभोवती दाटीवाटीने उभ्या राहतात. चार हंड्यांसाठी सकाळ गेली की अंगावरच्या पोराला वेळेवर भरवायचं कुणी? कुपोषणाच्या तक्त्यात धरणाला रकाना नसतो. हे दोन थर एकमेकांवर कुणीतरी मुद्दाम चढवावे लागतात.

एक गोष्ट तरीही कुठल्याच थरात बसत नाही. इथली कुटुंबं दिवाळीनंतर ‘जगायला’ जातात. शब्द त्यांचाच. भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर पावसाच्या तोंडापर्यंत मुक्काम असतो. पोराचं नाव पाड्याच्या वहीत आणि पोर खाडीकाठच्या शेतात, विटा रचून वर ताडपत्री टाकलेल्या खोपटात. नकाशा त्याला मोखाड्यातच धरून बसलेला असतो.

दिवाळी सरेल तेव्हा पाड्यांवर भट्टीच्या कामाची उचल वाटून झालेली असेल. काही दिवसांत ट्रक येईल. त्यात हंडे, घमेली, तांदळाची पिशवी, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या आणि मागच्या महिन्यात पट्टीच्या पिवळ्यावर आलेलं एक पोर चढेल.